छापील आकड्याचा ताळा

शाळेत गणित शिकविताना उत्तर आल्यावर त्याचा ताळा पाहण्याची शिस्त विद्यार्थ्यास लावली जाते. भागाकार झाला की भाजक व भागाकार यांचा गुणाकार करावयाचा, त्यात बाकी मिळवावयाची, आणि मूळ भाज्य परत हाती आले तरच उत्तर पाटीवर ठेवावयाचे. ही शिस्त बालबोध वाटते खरी. परंतु संगणकासारख्या यंत्राला आपल्या पोटातील आकडा छापून दाखविताना हाच साधा ताळा पाळता यावा, एतदर्थ विद्वानांना व कारागिरांना कित्येक वर्षे खपावे लागले. पायथॉन या नावाच्या संगणकभाषेत आकडे छापण्याचा असाच एक दोष होता. तो कोणता, कशामुळे उत्पन्न झाला आणि कसा दूर झाला, याची ही हकीकत आहे.

संगणकाला काम सांगावयाचे म्हणजे त्याला समजेल अशा नियमबद्ध भाषेत आज्ञा लिहावी लागते. अशा भाषा अनेक आहेत. त्यांपैकी पायथॉन ही गिडो व्हान रॉसम या डच गृहस्थाने निर्माण केली व १९९१ साली प्रथम लोकांपुढे ठेवली. ती वाचावयास सोपी असल्यामुळे शाळा-महाविद्यालयांतून तिचा प्रसार फार झाला. कोणत्याही भाषेचा विद्यार्थी पहिल्या दिवशी जी आज्ञा शिकतो, ती ‘प्रिंट’ची, म्हणजे ‘उत्तर पडद्यावर छापून दाखीव’ अशी. यंत्राच्या आत काय चालले आहे ते माणसाला डोळ्यांनी दिसत नाही. त्याला दिसते ते एवढे छापील उत्तरच. म्हणून छपाई ही यंत्राची जिव्हा होय, आणि जिव्हेने मनातले यथार्थ सांगावे अशी अपेक्षा बाळगणे वावगे नाही.

आता दोष कसा दिसे ते पाहावे. २००९ सालापूर्वीच्या पायथॉनमध्ये विद्यार्थ्याने ०.१ हा आकडा नुसता टंकून यंत्राला परत विचारला, तर पडद्यावर ०.१०००००००००००००००१ असे लांबलचक उत्तर येई. तोच आकडा ‘प्रिंट’ या आज्ञेने छापावयास सांगितला, तर मात्र ०.१ असे नीटनेटके उत्तर मिळे. आणि तो एखाद्या यादीत घालून ती यादी छापली, तर पुन्हा लांबलचक शेपूट हजर! एकच आकडा, एकच यंत्र, एकच भाषा. परंतु मुखे दोन आणि जबानी दोन. ०.१ ही संख्या दहा वेळा एकामागून एक मिळविली तर बेरीज १.० अशी छापली जाई. पण ‘ही बेरीज एकाबरोबर आहे काय?’ असे विचारताच यंत्र ‘नाही’ म्हणून उत्तर देई. नवशिक्याने अशा यंत्रावर विश्वास ठेवावा तरी कसा? ‘या भाषेला साधी बेरीज येत नाही’ अशा तक्रारी वारंवार होत, आणि जाणत्यांना तीच तीच समजूत पुनःपुन्हा घालावी लागे.

वस्तुतः बेरजेचा अपराध यात नव्हता. मूळ कारण समजण्यास जुन्या नाण्यांची आठवण उपयोगी पडेल. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी येण्यापूर्वी आपल्याकडे रुपयाचे सोळा आणे असत. रुपयाचा अर्धा भाग अधेली, तिच्या निम्मी पावली, पावलीच्या निम्मी चवली आणि चवलीच्या निम्मा आणा. आण्याचे पैसे चार. म्हणजे रुपयापासून पैशापर्यंतची ही उतरण निम्म्या-निम्म्याने होत असे. पाव, अर्धा, पाऊण हे भाग या नाण्यांत तंतोतंत देता येत. आणि पावकी, निमकी, पाऊणकी पाठ केलेल्या मुलाला त्यांचा हिशेब करताना अडचण पडत नसे. परंतु कोणी रुपयाचा बरोबर दहावा हिस्सा मागितला असता तर सराफाची पंचाईत झाली असती. त्याने एक आणा द्यावा, अर्धा आणा द्यावा. पुढे पैसा दिला तर जास्त होतो, अर्धा पैसा दिला तरी जास्त होतो, म्हणून ते दोन्ही सोडावे. मग पाव पैसा व पैशाचा आठवा हिस्सा द्यावा. त्यापुढचे दोन भाग पुन्हा सोडावे. आणि असे दोन घेत, दोन सोडीत अनंत काळपर्यंत चालत राहावे. हिशेब कधीही पुरा होणार नाही.

संगणक हा असाच निम्म्या-निम्म्याने मोजणारा सराफ आहे. त्याच्यापाशी शून्य व एक हे दोनच अंक, आणि त्याचे अपूर्णांक म्हणजे अर्धा, पाव, अष्टमांश, षोडशांश असे दोहोंच्या घातांचे भाग. दशमान पद्धतीत एक-तृतीयांश लिहू गेले असता ०.३३३ असे तिनांचे शेपूट कधीच संपत नाही, तद्वत् द्विमान पद्धतीत एक-दशांशाचे शेपूट संपत नाही. यंत्रातील जागा तर मर्यादित असते. १९८५ साली विल्यम कहान प्रभृती तज्ज्ञांच्या परिश्रमाने अपूर्णांकांच्या साठवणुकीविषयी जे प्रमाण ठरले, व जे आज बहुतेक यंत्रे पाळतात, त्यानुसार नेहमीच्या अपूर्ण संख्येला ६४ द्विमान अंकांची जागा मिळते; त्यातही संख्येच्या मुख्य भागासाठी ५३ अंकांइतकीच अचूकता असते. त्रेपन्नाव्या अंकाशी शेपूट तोडून जवळात जवळची किंमत ठेवावी लागते. म्हणून ०.१ म्हणून यंत्रात जी संख्या वसते, तिची खरी किंमत ०.१००००००००००००००००५५५१११५१२३१२५७८२७०२११८१५८३४०४५४१०१५६२५ इतकी असते. दशांशचिन्हापुढे ५५ अंक! या संख्येत व खऱ्या एक-दशांशात पडणारे अंतर अत्यल्प असते, पण असते हे निश्चित.

ही झाली साठवणुकीची मर्यादा. तिला दोष म्हणता येणार नाही. दोषाचा प्रश्न उद्भवतो तो यापुढे. यंत्रातील ही ५५ अंकी संख्या माणसाला दाखवावयाची कशी? थोडे अंक दाखवावेत, की पुष्कळ?

थोडे अंक दाखविण्याचा मार्ग मोहक आहे. जुने पायथॉन ‘प्रिंट’च्या वेळी हाच मार्ग स्वीकारी, बारा अंकांपर्यंत संख्या पूर्णांकित करून छापी. दिसावयास उत्तर सुबक. परंतु यात यंत्राच्या पोटातील दोन भिन्न संख्या कागदावर एकरूप दिसू लागतात. असे झाल्याने काय घडू शकते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत एडवर्ड लॉरेन्झ हे हवामानशास्त्रज्ञ १९६१ साली रॉयल मॅक्बी कंपनीच्या एका लहानशा संगणकावर कृत्रिम हवामानाची गणिते चालवीत होते. यंत्र आपल्या स्मरणात सहा दशांश स्थळे ठेवी. कागदाची जागा वाचावी म्हणून छापताना तीनच दाखवी. एके दिवशी जुन्या गणिताचा काही भाग पुन्हा पाहण्याकरिता त्यांनी मधल्याच एका टप्प्याचे छापील आकडे यंत्राला भरविले आणि ते कॉफी घेण्यास गेले. सुमारे तासाभराने परत येऊन पाहतात, तो नव्या हवामानाचा जुन्याशी काही मेळच नाही! एखादी निर्वात नळी बिघडली असावी असा त्यांना प्रथम संशय आला. नंतर उमगले, की यंत्रात ०.५०६१२७ अशी संख्या होती आणि कागदावर होते ०.५०६. तेवढासा फरक गणिताच्या प्रत्येक पावलाबरोबर वाढत गेला आणि अखेरीस त्याने सारे हवामान पालटून टाकले.

लॉरेन्झ यांच्या प्रज्ञेने त्या फरकातून एक नवे शास्त्र उभे केले. १९६३ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि आरंभीचा किंचित फरक पुढे केवढा विस्तार पावतो, हा विचार जगन्मान्य झाला. परंतु प्रत्येक संशोधकाचे भाग्य असे नसते. छापील आकडा परत यंत्राला दिला असता मूळ संख्या मिळाली नाही, म्हणजेच ताळा जुळला नाही, तर सामान्य माणसाच्या वाट्याला नवे शास्त्र येत नाही. चुकीचे उत्तर येते, आणि ते चुकले आहे हे कळण्याचा मार्गही बहुधा उरत नाही.

मग पुष्कळ अंक छापावेत काय? ६४ अंकी साठवणुकीतील कोणतीही संख्या सतरा दशमान अंकांत छापली, तर ती परत वाचताना अचूक तीच संख्या मिळते, हे सिद्ध झालेले आहे. पायथॉनचे दुसरे मुख, म्हणजे आकडा नुसता टंकल्यावर उत्तर देणारे, हा सतरा अंकांचा नियम पाळी. तेथे ताळा जुळे यात संशय नाही. परंतु साध्या ०.१ ला चिकटलेले ते शेवटचे एक पाहून विद्यार्थी गोंधळून जाई. शिवाय हे सतरा अंक म्हणजे पूर्ण सत्य, असेही नव्हते. पूर्ण सत्य तर ५५ अंकांचे होते! तेव्हा लांबलचक उत्तर हे अधिक खरे, ही समजूतही फोल ठरते. एका मुखाने झाकावे आणि दुसऱ्याने निष्कारण पाल्हाळ लावावे, असा हा प्रकार होता.

यातून निघण्याचा जो तिसरा मार्ग आहे, त्याचे मर्म ऐकण्यास सोपे आहे. यंत्रात साठविता येणाऱ्या संख्या संख्यारेषेवर मैलाच्या दगडांप्रमाणे सुट्या सुट्या उभ्या असतात. दोन दगडांमधील कोणतीही संख्या यंत्राला दिली, तर ते तिला जवळच्या दगडाशी नेऊन बसविते. अर्थात प्रत्येक दगडाच्या दोन्ही अंगांना अर्ध्या वाटेपर्यंत त्याचे स्वतःचे वतन असते. त्या वतनातील कोणतीही दशमान संख्या छापली, तरी परत वाचताना तोच दगड सापडणार. मग त्या वतनातील जी संख्या कमीत कमी अंकांत लिहिता येते, तीच का छापू नये? अशा संख्या एकाहून अधिक निघाल्या, तर दगडाच्या सर्वांत जवळची निवडावी. या रीतीने ०.१ च्या वतनात ०.१ हीच सर्वांत आखूड संख्या असल्यामुळे तीच छापली जाते. तिच्यात काही लपविलेले नाही, आणि निरर्थक अंकही नाही. उलट ०.१ व ०.२ यांची यंत्रातील बेरीज ही ०.३ च्या दगडावर पडत नाही, त्याच्या लगतच्या दगडावर पडते. म्हणून तेथे ०.३ छापणे असत्य ठरेल, ०.३०००००००००००००००४ असेच छापावे लागते. संख्येला आवश्यक तेवढेच अंक, एकही कमी नाही आणि एकही अधिक नाही, असा हा न्याय आहे.

तत्त्व सोपे, पण आचरण अवघड. ‘वतना’च्या सीमा अचूक काढण्यास शेकडो अंकांच्या पूर्णांकांची गणिते करावी लागतात, आणि ती करताना यंत्राची नेहमीची अपूर्णांकाची साधने वापरली, तर ज्या मर्यादेवर उपाय शोधावयाचा तीच पुन्हा आड येते. गाय स्टील व जॉन व्हाइट या दोघांनी १९९० साली एका विद्वत्परिषदेत यावरील आपला निबंध सादर केला. माहितीचा नाश होता कामा नये, निरर्थक अंक येता कामा नयेत आणि उत्तर योग्य रीतीने पूर्णांकित असावे, या अटी त्यांनी घातल्या व त्या पुऱ्या करण्याची रीतही दिली. त्याच परिषदेत विल्यम क्लिंगर यांनी याची उलट बाजू, म्हणजे दशमान आकडा अचूक वाचण्याची रीत, मांडली. छपाई आणि वाचन ही दोन्ही अचूक असतील तरच ताळा जुळावयाचा, हे त्यावरून ध्यानी येईल. त्याच वर्षी बेल प्रयोगशाळेतील डेव्हिड गे यांनी या दोन्ही कामांचा एक प्रोग्रॅम रचून सर्वांस खुला केला.

येथे एखादा श्रोता विचारील, की १९९० सालीच औषध तयार होते, तर पायथॉनचा रोग २००९ पर्यंत का रेंगाळला? याचे एक कारण असे, की पायथॉन आकडे छापण्याचे काम स्वतः न करता प्रत्येक यंत्रावरील ‘सी’ या भाषेच्या भांडारातील साधनांवर सोपवीत असे, आणि त्या साधनांपाशी सर्वांत आखूड संख्या शोधण्याची सोयच नव्हती. इतके अंक छापा एवढेच त्यांना सांगता येई. दुसरे असे, की डेव्हिड गे यांचा प्रोग्रॅम अत्यंत गुंतागुंतीचा होता, आणि निरनिराळ्या जातींच्या यंत्रांवर तो बिनधोक बसविणे ही हातघाईने उरकण्याची गोष्ट नव्हती. अखेर मार्क डिकिन्सन व एरिक स्मिथ या दोघांनी ते काम अंगावर घेतले. डेव्हिड गे यांचा प्रोग्रॅम पायथॉनच्या घरात आणून जुळवून घेण्यात आला. जून २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पायथॉनच्या ३.१ या आवृत्तीत ०.१ टंकल्यावर ०.१ हेच उत्तर येऊ लागले. जुन्या शाखेतील २.७ या आवृत्तीलाही जुलै २०१० मध्ये तोच लाभ झाला. तथापि ‘प्रिंट’चे बारा अंकांचे मुख अद्याप निराळे होतेच. फेब्रुवारी २०११ मधील ३.२ या आवृत्तीत तेही बंद करण्यात आले, आणि दोन्ही मुखांनी एकच जबानी देण्याचा नियम झाला.

असा बदल करणाऱ्यावर मोठी जबाबदारी असते. नवी रीत प्रत्येक संख्येला लागू पडते, हे कशावरून? ३२ द्विमान अंकांच्या लहान जातीच्या संख्या घेतल्या, तर त्यांचे एकंदर साचे ४,२९,४९,६७,२९६ होतात. यंत्राला ते एकूण एक छापून, परत वाचून, ताडून पाहता येतात. परंतु ६४ अंकांच्या संख्यांचे तसे नाही. दर सेकंदास शंभर कोटी संख्या तपासल्या, तरी सर्व तपासण्यास सुमारे ५८४ वर्षे लागतील! म्हणून तेथे उदाहरणे मोजून भागत नाही. गणिती सिद्धताच द्यावी लागते. भूमितीच्या वर्गात शंभर त्रिकोणांचे कोन मोजून प्रमेय सिद्ध होत नाही, असे जे मुलांना सांगितले जाते, त्याचा हा प्रत्यक्ष प्रत्यय होय.

या सुधारणेवर एक आक्षेप घेता येतो, आणि त्याचा विचार केल्याशिवाय पुढे जाणे न्याय्य होणार नाही. पूर्वीचे ते विद्रूप शेपूट पाहून विद्यार्थ्याला निदान ‘यंत्रातला दशांश खरा दशांश नव्हे’ एवढा तरी धडा मिळे, आता ०.१ असे गोंडस उत्तर पाहून तो भ्रमात राहील, असा तो आक्षेप. त्यात तथ्य मुळीच नाही असे नाही. हा धडा विसरल्याने माणसे प्राणास मुकली आहेत. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील धहरान येथे शत्रूचे क्षेपणास्त्र अडविण्यासाठी ठेवलेल्या पेट्रियट यंत्रणेने दशांश सेकंदात काळ मोजताना तोडलेल्या शेपटाची चूक सुमारे शंभर तास साठविली, ती ०.३४ सेकंद इतकी झाली, क्षेपणास्त्र अडविले गेले नाही, आणि २८ अमेरिकन सैनिक मृत्यू पावले. ही काही छपाईची चूक नव्हती. पण दशांश यंत्रात पुरा मावत नाही याचे विस्मरण किती महाग पडते, हे तीवरून दिसते. मात्र या आक्षेपाचे उत्तर असे, की नवी रीत भ्रम निर्माण करीत नाही. तो जेथे तुटावयास हवा तेथेच तोडते. साठविलेला आकडा आणि लिहिलेला आकडा यांची खूण पटते, तोवर ती स्वस्थ राहते. बेरजेत चूक साचू लागताच मात्र ती शेपूट उघडे करते. दहा दशांशांची बेरीज आता १.० अशी छापली न जाता ०.९९९९९९९९९९९९९९९९ अशी छापली जाते. पूर्वी जे झाकले जाई, ते आता प्रथमदर्शनीच समोर येते.

ज्याला रुपये-पैशांचा हिशेब ठेवावयाचा आहे, त्याने यावरून योग्य तो बोध घ्यावा. त्याने सर्व रकमा पैशांत, म्हणजे पूर्णांकांत मोजाव्या. किंवा २००४ सालापासून पायथॉनमध्ये दशमान गणिताचे जे स्वतंत्र साधन दिले आहे, त्याचा आश्रय करावा. छपाईच्या सुबकपणाने हिशेबातील उणीव भरून काढू जाणे म्हणजे वहीत खाडाखोड करून शिल्लक जुळविण्यासारखे आहे.

पायथॉनपुरतीच ही गोष्ट थांबली नाही. अचूकपणाबरोबर वेग मिळावा म्हणून फ्लोरियन लोइट्श यांनी २०१० साली व उल्फ अ‍ॅडम्स यांनी २०१८ साली नव्या व चपळ रीती शोधून काढल्या. जावा या बलाढ्य भाषेची छपाई कधीकधी आवश्यकतेहून अधिक अंक दाखवी. तो दोष रफाएल्लो जुलिएत्ती यांच्या परिश्रमाने २०२२ मधील १९ व्या आवृत्तीत नाहीसा झाला. एका दशांशाच्या शेपटासाठी एवढ्या पंडितांनी एवढी वर्षे घालविली, हे ऐकून कोणास हसू येईल. परंतु आज बँकेतील शिल्लक, रुग्णालयातील औषधाचे प्रमाण, पुलाचा भार आणि वादळाचा अंदाज हे सारे एका यंत्राने छापलेल्या व दुसऱ्या यंत्राने वाचलेल्या आकड्यांवर चालते. त्या देवघेवीत आकडा जसा निघाला तसाच पोहोचावा, ही व्यवहारातील किमान सचोटी होय. सांगावयाचे ते थोडक्यात सांगावे, पण ऐकणाऱ्याला मूळ वस्तू जशीच्या तशी परत सापडेल इतके पुरेसे सांगावे. हा नियम यंत्राच्या जिव्हेला घालून देण्यास विसावे शतक पुरले नाही. माणसाच्या जिव्हेला तो लागू करावयाचा झाल्यास किती काळ लागेल, याचा हिशेब श्रोत्यांनीच मांडावा.